शिगेचं माप

लिहिणं हे आपलं काम नव्हे, असं मला अजूनही वाटतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्याआधी आमच्याकडे कागद यायचा तो दुसऱ्याने लिहिलेला, आणि खाली आमचा अंगठा मागणारा. त्यामुळे चार लोकांनी वाचावं म्हणून काही लिहायला बसलो की मागून कोणीतरी 'तू कोण रे?' असं विचारेल, अशी धास्ती वाटते. वाचणाऱ्यांनी तेवढं सांभाळून घ्यावं. एका बाईंनी मला एक साधा प्रश्न विचारला आहे. त्याचं उत्तर दोन ओळींत द्यायला आठवडाभर बसलो आणि जमलं नाही, म्हणून हे एवढं लांबलं.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. मी बर्मिंगहॅमला एम.एस्सी. करायला आलो आणि युनिव्हर्सिटीपासून दोन बसच्या अंतरावर, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरात वरची खोली घेतली. लाल विटांचं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेलं घर. गृहस्थ ऐंशीच्या घरातले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी कार्डिफला हॉस्पिटलात नर्स. ते स्वतः जन्मभर कारखान्यात टूलमेकर होते, म्हणजे यंत्रांना लागणारी हत्यारं आणि साचे हातानं घडवणारे. मी त्यांना पहिल्या दिवशी 'सर' म्हटलं.

"सर नको म्हणू. मी जन्मात कोणाचा सर नव्हतो."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. चहा झाला की हाक मार."

मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणायला लागलो. इथेही तसंच लिहितो. त्यांचं बोलणं अस्सल बर्मिंगहॅमचं होतं आणि पहिला महिना मी नुसतीच हसून मान हलवत होतो. ते मला 'सन' म्हणत, तेवढं कळायचं. पुढे त्यांची जी वाक्यं येतील ती माझ्या मराठीत येतील. त्यांचा सूर त्यात उतरणार नाही, याची मला जाणीव आहे.

घरामागे छोटं अंगण आणि अंगणाच्या टोकाला लाकडी शेड. रविवारी दुपारी ते तिथे जाऊन बसायचे. एकदा चहा झाल्याची हाक मारायला गेलो आणि दारातच थांबलो. बाकावर पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या ओळीनं उभ्या होत्या. माझ्या गावात पुंगळ्या सापडायच्या त्या वर्तमानपत्रात, पंचनाम्याच्या बातमीत. माझा चेहरा बघून ते हसले.

"घाबरू नकोस. ती इथे नाही. हँडगन घरी ठेवायला या देशात बंदी आहे. ती तिच्या घरी असते."

ती म्हणजे एक जुनी लष्करी रिव्हॉल्व्हर. दक्षिणेला अडीच तासांवर एक शूटिंग रेंज होती. ऐतिहासिक म्हणून कायद्यानं वगळलेली काही जुनी शस्त्रं तिथल्या तिजोरीत कुलपात असत आणि मालकानं तिथेच जाऊन ती चालवायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी आजोबांचे एक मित्र त्यांना गाडीतून घेऊन जायचे. काडतुसं मात्र आजोबा स्वतः भरत. दुकानातली तिला फार जड होतील म्हणायचे.

"नव्वद वर्षांची बाई आहे ती. तिला जिने चढायला लावायचे नाहीत. कागदाला भोक पडलं की पुरे."

पहिल्या महायुद्धात ती याच शहरात बनली होती. आजोबांची आई सतरा वर्षांची असताना त्या कारखान्यात बाकावर बसून सुटे भाग गेजवर, म्हणजे मापाच्या साच्यावर, घालून तपासायची. हीच रिव्हॉल्व्हर तिच्या हाताखालून गेली असेल असं काही नव्हतं. हजारो बनल्या होत्या. तरी आजोबांनी ती विकत घेतली ती आईसाठीच. आई म्हातारपणी एकच विचारायची म्हणे, आपल्या हातून गेलेले ते सगळे भाग कुठे गेले असतील, कोणाच्या हातात गेले असतील. "तिला कोण सांगणार?" आजोबा म्हणाले. "निदान एक कुठे आहे ते मला माहीत आहे. ती काय करते, तेही."

त्या हिवाळ्यात त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आत लांबचं दिसणारं भिंग बसवलं होतं, त्यामुळे पंचवीस यार्डांवरचा कागद स्वच्छ दिसायचा आणि हातातली पुंगळी धुरकट. दुसरा डोळा ऑपरेशनच्या यादीत वाट बघत होता. म्हणून एका रविवारी त्यांनी विचारलं, पावडर मापून देशील का. तयार काडतुसाला मी हात लावायचा नाही, ते लायसन त्यांचं. मी फक्त पावडर घालायची. वर शिशाची गोळी बसवायचं काम त्यांचं, ते हाताला कळतं, डोळा लागत नाही.

काम असं होतं. लाकडाच्या ठोकळ्याला पन्नास भोकं पाडलेली. त्यात तळाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवलेल्या पन्नास पुंगळ्या तोंड वर करून उभ्या. पावडर म्हणजे खसखशीएवढे करडे, चपटे कण. मापायला त्यांनी स्वतः केलेली पळी होती: एक जुनी पुंगळी कापून आखूड केलेली आणि तिला तांब्याच्या तारेचा दांडा. पळी भरायची, त्यांच्या जुन्या बसच्या पासाची कडा तिच्या तोंडावरून फिरवून वरची पावडर पाडायची, आणि मग नरसाळ्यातून पुंगळीत ओतायची. पासावर त्यांचा फोटो होता, टाय लावलेला.

पहिल्याच दिवशी मी पळी भरली आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"हा काय डोंगर?"

पळीवर शीग उभी होती. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, तालुक्याच्या गावी धान्याच्या आडतीत मापाडी. काटे आले तरी खेड्यांतली माणसं बियाण्याचं आणि सालाचं धान्य पायलीनंच मोजून मागायची, आणि मोजायला आबाच हवेत म्हणायची. पायली भरली की ते उजवा तळवा कडेनं असा फिरवायचे की वर टोकदार शीग उभी राहायची आणि एक दाणा खाली यायचा नाही. शीग मोडून सपाट माप देणारा माणूस आमच्याकडे हलका समजतात. घरी आईला तांदूळ काढून द्यायचं काम माझ्याकडे असे, आणि चिपट्यावर शीग नसली तर ती ते परत पिंपात ओतायची. 'दारात भिकारी उभाय का?' म्हणायची. 

हे सगळं मी मोडक्या इंग्रजीत आजोबांना सांगितलं. ते अगदी मन लावून ऐकत होते.

"म्हणजे तुझा बाप दिलदार माणूस."

"हो."

"चांगलंय. पण त्या दिलदारपणानं इथे माझा अंगठा जाईल. म्हातारीत किती दम उरलाय ते तिलाही माहीत नाही. सपाट, सन. कंजूष हो."

मी मोजताना पहिल्या मापाला 'लाभ' म्हणालो, मग दोन, तीन. तेही त्यांनी पकडलं. एक का नाही म्हणत? मी म्हटलं, धान्य मोजताना पहिल्याला आम्ही एक म्हणत नाही. त्यांना ते फार आवडलं. पुढच्या रविवारपासून शेडचं दार उघडतानाच विचारायचे, "काय, लाभ करायचा ना?" त्यांच्या तोंडात त्याचं 'लॅब' व्हायचं. मी सुधारलं नाही.

पावडर अगदी थोडी आणि पुंगळी मोठी, त्यामुळे आत बघितलं तर तळाशी चिमूटभर सावली दिसायची. म्हणून तपासण्याची त्यांची रीत ठरलेली होती. पहिलं माप छोट्या तराजूवर तोलायचं, बरोबर असेल तर तेच पहिल्या पुंगळीत घालायचं. पन्नास भरून झाली की टॉर्च तिरका धरून ओळीनं सगळ्यांत बघायचं. एखादीत पावडर पडलीच नसेल किंवा दोनदा पडली असेल, तर ते शेजाऱ्यापेक्षा वेगळं दिसतं. काही चुकलं तर ती पुंगळी रिकामी करायची आणि वहीत नोंद करायची: काय चुकलं, आणि खाली 'कारण'. कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांना ती सवय लागली होती. कारण लिहिल्याशिवाय कुठलीही वस्तू भंगारात टाकायची नाही. माझ्यामुळे दोनदा नोंद झाली होती. एकदा 'कारण: शिंक'. दुसऱ्यांदा 'कारण: क्रिकेटविषयी बोलत होतो. दोघेही.'

जानेवारीत एकदा ते मला रेंजवर घेऊन गेले. ती रिव्हॉल्व्हर हातात घ्यायला मला परवानगी नव्हती, मला नकोही होती. कडेला उभं राहून बघितली. काळी, बोजड, मुठीवरचं लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं. आवाज माझ्या कल्पनेपेक्षा पुष्कळ लहान होता, जाड पुस्तक टेबलावर आडवं पडावं तेवढा. आजोबांचा हात किंचित वर जायचा आणि सावकाश खाली यायचा. सहा झाल्यावर काडतुसांचं ते गोल चक्र बाजूला न येता सगळी बंदूकच मध्ये मोडल्यासारखी उघडायची आणि रिकाम्या पुंगळ्या वर यायच्या. परतताना गाडीत ते म्हणाले, "आज सगळ्या सारख्या लागल्या. तुझं माप." आयुष्यात माझ्या हाताचं कोणी कौतुक केलं असेल तर ते तेवढंच. आमच्या घरी हात आबांचे. माझं फक्त डोकं, तेही वह्या-पुस्तकांपुरतं.

आता त्या रविवारचं सांगतो. फेब्रुवारी संपत आला होता. त्याच्या पुढचाच रविवार महिन्यातला पहिला, रेंजचा. मी पहिलं माप पासानं सपाट करून तराजूत घातलं, काटा बरोबर आला, मी 'लाभ' म्हणून ते पहिल्या पुंगळीत ओतलं. तेवढ्यात घरातला फोन वाजला. आजोबांचा हात गोळ्या बसवायच्या प्रेसच्या दांड्यावर होता, म्हणून मीच धावत गेलो. गावाहून ताईचा फोन होता.

"अरे, आबांचा उजवा हात गेला रे."

"गेला म्हणजे?"

"लुळा पडला. आडतीत माप घालता घालता पायली निसटली हातातून. तोंड वाकडं झालंय. बोलतायत, पण काय ते कळत नाही."

"मी येतो."

"आई म्हणाली त्याची परीक्षा आहे, सांगू नका. मीच सांगितलं म्हणून सांगू नको तिला."

"कुठं ठेवलंय?"

"घे लिहून."

फोनपाशी माझी लेक्चरची वही पडली होती. तिच्यात मी हॉस्पिटलचं नाव आणि वॉर्ड लिहून घेतला आणि शेडमध्ये परत गेलो.

"सगळं ठीक?" आजोबांनी विचारलं.

"हो."

"घरची मंडळी बरी?"

"हो, बरी आहेत."

खरं सांगितलं असतं तर त्यांनी काम थांबवलं असतं, चहा टाकला असता, आणि मी त्यांच्यासमोर रडलो असतो. मला ते नको होतं. मी पळी उचलली आणि दोन म्हणालो. तीन. चार. पन्नासपर्यंत गेलो. त्या अर्ध्या तासातलं मला आजही काही आठवत नाही, हात चालत होते एवढंच.

नंतर आजोबांनी टॉर्च लावला. उजेड नीट पडावा म्हणून ठोकळा फिरवून घेतला आणि एकेका पुंगळीत आपल्या धुरकट डोळ्यानं बघत गेले.

"कोपऱ्यातलं हे एक जरा कमी वाटतंय. बघ."

मी बघितलं. शेजारच्यांपेक्षा कमी होतं खरं. ठोकळा फिरवल्यामुळे त्यांच्या ध्यानात आलं नाही की तेच पहिलं, तोललेलं होतं. माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

"ओत परत, आणि नव्यानं घाल."

मी ओतलं आणि नव्यानं घातलं. आता पन्नासही सारखी दिसत होती. आजोबा समाधानानं हुं म्हणाले आणि गोळ्या बसवायला लागले. एकदा गोळी बसली की आत काय आहे ते बाहेरून कळत नाही.

मंगळवारी मी निघालो. निघताना सांगावंच लागलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "रविवारी तो फोन आला तेव्हाच?" मी मान हलवली. त्यांनी माझी बॅग दारापर्यंत उचलून आणली. मी नको म्हणत असतानाही.

गुरुवारी दुपारी वॉर्डात आबांच्या खाटेजवळ बसलो होतो. डॉक्टरांनी औषधांची नावं सांगितली, ती लिहायला वही उघडली. रविवारच्या पानात खूण म्हणून ठेवलेला आजोबांचा बसपास होता. टाय लावलेला फोटो माझ्याकडे बघत होता.

मला लगेच कळलं नाही. मी तो हातात घेऊन विचार करत होतो की हा इथे कसा. शेडमधून पळत येताना हातात राहिला असणार, फोनवर लिहिताना पानात गेला असणार. मग मनात आलं, तर मग परत गेल्यावर मी सपाट कशानं केलं?

कशानंच केलं नव्हतं. माझ्या हातांनी आमच्या घरच्या पद्धतीनं, वर शीग उभी करून, एकोणपन्नास मापं घातली होती. उरलेलं एक, ते तोललेलं पहिलं, बरोबर होतं; तेही ओतून शिगेचं केलं होतं. एखादंच चुकलं असतं तर टॉर्चनं सापडलं असतं. सगळीच सारखी चुकली होती.

आबा झोपले होते. उजवा हात उशीवर ठेवला होता, दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा. डावा हात झोपेत चादरीवर हलत होता, चादर गोळा करत होता, तिच्या कडेनं तळवा फिरवत होता. मी तो हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि पुन्हा तेच करू लागले.

किती जास्त पडली असेल, त्यानं काही होईल की नाही, हे मला सांगता येत नव्हतं. आजही येत नाही. कदाचित म्हातारीनं ते सहन केलं असतं. कदाचित पहिल्याच फैरीला ते गोल चक्र फुटलं असतं, आजोबांच्या हातात, चेहऱ्यासमोर, त्या एका नव्या डोळ्यासमोर. ते टाळायला माझा एक फोन पुरे होता.

शुक्रवारी मी फोन केला नाही. हे मला लिहायलाच हवं. मला स्वतःचीच काळजी पडली होती. काडतुसात हात घातलेला परदेशी विद्यार्थी. लायसन त्यांचं जाईल, माझा व्हिसा जाईल, घरातला पहिला शिकलेला पोरगा पोलिसांच्या कागदावर येईल. एक दिवस मी हेच घोळवत बसलो. शनिवारी हॉस्पिटलसमोरच्या बूथवर गेलो. दोन रिंगमध्येच त्यांनी उचलला.

"आधी वडिलांचं सांग."

"हात हलत नाही अजून. थोडं बोलतात."

"तुला ओळखतात?"

"हो."

"झालं तर. बाकीचं सावकाश." मग म्हणाले, "उद्या पहिला रविवार."

"हो. लक्षात आहे."

त्यांच्याकडे कुठेतरी केटली वाजत होती आणि ते ती बंद करायला जात नव्हते.

"आणखी काही, सन?"

बूथच्या काचेबाहेर एक माणूस त्याची पाळी यायची वाट बघत उभा होता.

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"बरं. वडिलांना सांग, इथे एक म्हातारा त्यांची चौकशी करत होता."

रविवारी आजोबा अकराला पहिली फैर झाडत. आपल्याकडे तेव्हा साडेचार. मी वॉर्डातल्या घड्याळासमोर बसून होतो. साडेचार वाजले, पावणेपाच वाजले. कॉरिडॉरमध्ये कोणाच्या तरी हातातून स्टीलचा ट्रे पडला आणि मी उभा राहिलो. आबांनी वाकड्या तोंडानं विचारलं, "काय... झालं?" मी म्हटलं, काही नाही.

सोमवारी फोन लावला. कोणी उचलला नाही. मंगळवारी, बुधवारी, पुढच्या आठवड्यात. घंटा वाजत राहायची, हॉलमधल्या त्या टेबलावर. नंतर नंतर मी लावणं सोडलं.

युनिव्हर्सिटीनं मला वर्ष पुढे ढकलू दिलं. सप्टेंबरात मी बर्मिंगहॅमला परत आलो आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. एकदा धीर करून जुन्या बसनं गेलो. त्या घरासमोर 'विकणे आहे'ची पाटी होती आणि खिडक्यांना पडदे नव्हते. शेजारच्या घरात दिवा होता. दार वाजवलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. मी बसमधून उतरलोच नाही. नोव्हेंबरात इंग्रजांच्या सणाची आतषबाजी सुरू झाली, मागून आपली दिवाळी, आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोक मला विचारायचे, अरे एवढा दचकतोस काय.

त्यानंतर मला मिल्टन कीन्सला नोकरी लागली. सॉफ्टवेअरची, हाताचं काहीच काम नसलेली. संध्याकाळी रेडवेवरून, म्हणजे तिथल्या पायी आणि सायकलनं जायच्या लाल वाटेवरून, चालत घरी जायचो. समोरून एखादे म्हातारे गृहस्थ काठी टेकत यायचे, आणि जवळ येईपर्यंत मी त्यांच्या हातांकडे बघायचो. दोन्ही अंगठे आहेत का. त्यांनाही ते विचित्र वाटत असणार. बसपास त्याच वहीत होता. घर बदललं की वही बरोबर यायची. ती मी कधी उघडली नाही आणि टाकलीही नाही.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा एकट्या आबांना हे सांगितलं. ते आता नीट बोलायचे, हात मात्र गेला तो गेलाच.

"त्यांनी सपाट घाल म्हणून सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग माप त्यांचं होतं. त्यांच्यासारखंच घालायचं."

"आबा, मला कळलंच नाही."

"ते राहू दे. हात चुकतो. पण विचारल्यावर 'नाही' म्हणालास, ते हातानं नाही म्हणालास." मग म्हणाले, "जाऊन विचारून ये."

मी हो म्हटलं आणि गेलो नाही. आबांनी पुढच्या दोन फोनवर विचारलं, मग तेही विचारेनासे झाले. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

गेल्या महिन्यात ऑफिसातून आलो तर दारात एक छोटं पार्सल पडलं होतं. युनिव्हर्सिटीच्या पत्त्यावर गेलेलं, तिथून फिरून आलेलं. आत कापसात गुंडाळलेली तांब्याच्या दांड्याची पळी होती, एका वहीच्या पानाची फोटोकॉपी, आणि कार्डिफहून आलेलं पत्र. आजोबांच्या मुलीचं.

त्यांनी लिहिलं होतं की बाबा या हिवाळ्यात गेले, झोपेत, कार्डिफला मुलीच्याच घरी. मी भारतात होतो त्याच मार्चमध्ये दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख अचानक मिळाली, म्हणून त्या बाबांना कार्डिफला घेऊन आल्या, आणि मग ते तिथेच राहिले. नजर शेवटपर्यंत उत्तम होती, दोन्ही डोळ्यांची. म्हातारी एका संग्रहालयाला दिली. पळी त्या मुलाला पाठव, असं ते सांगून गेले होते.

वहीचं पान आजोबांच्या हातचं होतं. वर शुक्रवारची नोंद. मी ज्या शुक्रवारी फोन केला नाही, त्याच दिवसाची. 'बसपास सापडत नाही. एक उघडून तोललं, जास्त. मग सगळी पन्नास उघडली, सगळी शिगेची. एकही वापरायचं नाही.' खाली शनिवारची: 'मुलाचा फोन. वडिलांचा हात हलत नाही. विचारलं. थांबलो.' त्याखाली 'कारण' हा शब्द, आणि पुढे तीन रिकाम्या ओळी.

पत्राचा शेवट त्या बाईंनी असा केला होता: 'या वहीत चाळीस वर्षांच्या नोंदी आहेत आणि टाकून दिलेल्या प्रत्येक वस्तूपुढे कारण लिहिलेलं आहे. एवढ्या एका ठिकाणी नाही. मी दोनदा विचारलं. म्हणाले, ते त्या मुलानं लिहायचं आहे, जागा ठेवली आहे. तिथे काय लिहायचं होतं, तुम्हाला माहीत आहे का?'